नागपूर–मुंबई–कोईंबतूर, मधे दोन तास: पहिलं विमान लेट झालं तर पुढचं मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कंपनीच्या कामाने नागपूरहून कोईंबतूरला जायचंय, तिथे दुपारी ३ ला मीटिंग आहे, मुंबईपर्यंतचं तिकीट एका एअरलाइनचं आणि तिथून पुढचं दुसऱ्या एअरलाइनचं, मधे दोन तास, आणि असं तोडून काढलं की २,२०० रुपये वाचतात असं एजंट म्हणतो, तर घ्यावं का.

नाही भाऊ, घेऊ नका. आता काऊन ते सांगतो, थोडं लांबेल.

मी बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत परचेसला आहे, आमच्या रिंग फ्रेमचे स्पेअर, मशिनच्या ट्रायल, सगळं कोईंबतूरला असतं त्यामुळे वर्षातून चार-पाच चकरा होतातच. नागपूरहून थेट विमान नाही, मुंबई, हैदराबाद नाहीतर बंगलोर, कुठूनतरी वळसा घालावाच लागतो. तीन-चार वर्षांपूर्वी मी तुमच्यासारखंच शहाणपण केलं होतं. डिसेंबर होता. नागपूरहून ४:१० चं, मुंबईत ५:४० ला उतरणार, पुढचं ८:०५ चं दुसऱ्या कंपनीचं. मधे दोन तास पंचवीस मिनिटं! मी म्हटलं चिकार झाले, मधे एक वडापावही होऊन जाईल.

सोनेगावला, म्हणजे आपल्या नागपूरच्या विमानतळावर पोचलो, सिक्युरिटी झाली, बोर्डावर ४:३०. ठीक आहे. मग ४:५५. मग ५:४०. माणूस काउंटरवर विचारायला गेला की एकच उत्तर, सर इनकमिंग एअरक्राफ्ट लेट आहे. शेवटी ६:०५ वर येऊन थांबलं, म्हणजे एक तास पंचावन्न मिनिटं. हे पंचावन्न नीट लक्षात ठेवा, कारण अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खायला-प्यायला द्यायचं असा डीजीसीएचा, म्हणजे एअरलाइन्सवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे, आणि माझ्या बाजूच्या काकांना तो नियम पाठ होता, ते घड्याळाकडे पाहून म्हणाले, पाच मिनिटांनी सँडविच गेलं बघा. योगायोग असेल बाप्पा, आपण काय बोलणार.

मुंबईवर येऊन विमान अर्धा तास वरच घिरट्या घालत राहिलं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरत नाहीत, संध्याकाळी वर रांग लागतेच. उतरलो तेव्हा आठ वाजले होते. बॅग बेल्टवर. आणि पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलचं! टी-वन सांताक्रूझकडे, टी-टू सहारकडे, आतून रस्ता नाही, बाहेर पडून टॅक्सी नाहीतर बस करायची. मी पोचेपर्यंत माझं विमान बहुतेक सुरतच्या आसपास, म्हणजे चुकीच्या दिशेला नाही हो, तेवढं लांब गेलं असेल असं म्हणतो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर तुम्ही नो-शो आहात. मी म्हटलं मॅडम मी तुमच्या समोर उभा आहे.

पण तिचं चूक नव्हतं. तिच्या कंपनीच्या लेखी मी नागपूरहून येऊन राहिलो होतो की अंधेरीहून, याला काही अर्थच नव्हता, आणि पहिल्या कंपनीचं म्हणणं की आम्ही तुम्हाला मुंबईला आणून सोडलं, आमचं काम संपलं. दोघीही आपापल्या जागी बरोबर, मधे मी आणि माझी १४ किलोची बॅग. सकाळचं नवीन तिकीट ११,४०० ला घेतलं, रात्र टर्मिनलबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर काढली, ट्रायल १० ची होती ती माझ्याशिवाय अर्धी उरकली, आणि परत आल्यावर अकाउंट्सच्या साहेबांनी विचारलं की हे ११,४०० कशाचे. आणि तिकीट तोडून काढलं म्हणून वाचले किती, तर तुमच्या २,२०० च्या जागी माझे १,८००.

म्हणून पहिली गोष्ट, दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर), शक्यतो एकाच एअरलाइनचे. मग पहिलं विमान लेट झाल्याने पुढचं चुकलं तर पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची, बॅगही नागपूरलाच कोईंबतूरपर्यंत टॅग होते. डीजीसीएच्या नियमात त्याच एअरलाइनच्या एकाच तिकिटावरचं कनेक्शन चुकलं तर भरपाईचीही सोय आहे, फ्लाइट किती वेळाची त्यावर ५,००० ते १०,००० पर्यंत किंवा मूळ भाडं अधिक फ्युएल चार्ज, जे कमी असेल ते. पण त्यावर फार विसंबू नका, हवामान, एटीसी (विमानांचं वाहतूक नियंत्रण) असलं कारण असलं की भरपाई नाही. आणि हवामान कुठलं ते विचारू नका. नागपुरात कडक ऊन पडलेलं असतं आणि कारण लिहून येतं धुकं. ते खोटंही नसतं. तेच विमान सकाळपासून चार-पाच गावं फिरून येतं, सकाळी दिल्लीत धुक्यात दोन तास अडकलं की ते दोन तास दिवसभर त्याच्या मागे लटकत राहतात आणि संध्याकाळी आपल्या सोनेगावला उतरतात. म्हणून हिवाळ्यात संध्याकाळचं विमान मी घेतच नाही, सकाळचं पहिलं घेतो, ते विमान पुष्कळदा रात्रीच येऊन उभं असतं.

पण एक पीएनआर घेतला म्हणजे झालं असं नाही, त्याचा खरा उपयोग कुठे करायचा हे लोकांना कळत नाही. तो नागपुरात करायचा. मुंबई-हैदराबादला जाऊन नाही.

मागच्या खेपेची गोष्ट. हैदराबादमार्गे, एकच तिकीट, संध्याकाळचं विमान (घेत नाही म्हटलं ना, पण त्या दिवशी प्लांटमधून निघता आलं नाही). मी घरूनच विमान ट्रॅक करायच्या ॲपवर पाहिलं तर जे विमान आम्हाला न्यायला येणार होतं ते अजून दिल्लीतच उभं. बोर्डावर मात्र उशीर फक्त ४० मिनिटं. आता दिल्लीहून नागपूरला दीड तास लागतो, ते निघालंच नाही तर ४० मिनिटांत कुठून येणार. बोर्ड आशेवर चालतो, ॲप विमानावर. सरळ एअरलाइनच्या काउंटरवर गेलो, म्हटलं माझं हैदराबादचं कनेक्शन जाणार, एकाच पीएनआरवर आहे, मला उद्या सकाळच्यावर टाकून द्या. तिथला पोरगा म्हणे, सर तुम्ही बसा, हैदराबादला मॅनेज होऊन जाईल.

हे वाक्य ऐकलं की बसायचं नाही. तुम्ही एकदा विमानात बसलात की इथल्या काउंटरची कटकट संपली आणि ती रात्री ११ ला हैदराबादच्या ट्रान्सफर डेस्कवर तुमच्यासकट पोचली, तिथे तुमच्यासारखेच साठ जण, सकाळच्या विमानात सीट सहा. मी आवाज चढवला नाही, फक्त ड्युटी मॅनेजरला बोलवा म्हटलं, त्यांना ॲप दाखवलं, पुढच्या फ्लाइटचं गेट किती वाजता बंद होणार ते दाखवलं. वीस-पंचवीस मिनिटं गेली, पण दोन्ही टप्पे दुसऱ्या दिवशी सकाळवर, एक रुपया न घेता. चेक-इन केलेली बॅग परत आणून दिली त्याला मात्र पाऊण तास लागला. मेट्रोने घरी आलो (एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलपासून तिथवर यावं लागतं, बॅग जड असली तर ऑटो करा), वरणभात खाल्ला, आपल्या पलंगावर झोपलो. माझ्यासोबत रांगेत अमरावतीचे एक भाऊ होते, ते बसून राहू म्हणाले. त्यांचा रात्री पाऊण वाजता मेसेज, अजून डेस्कवरच उभा आहो जी. त्यांना हॉटेल मिळालं म्हणे, पण झोपायला दोन तास उरले होते.

गंमत पहा, १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास चारही बाजूंची विमानं मध्यरात्री आपल्या नागपुरात यायची, टपालाची पोती आणि प्रवासी इकडचे तिकडे व्हायचे आणि पहाटेच्या आत विमानं परत. अख्खा देश कनेक्शनला सोनेगावला उतरायचा आणि आज आपण कोईंबतूरला जायला मुंबईला घिरट्या घालतो. असो.

तुमच्या बाबतीत मी काय करीन ते सांगतो. मुंबई सोडा, हैदराबादमार्गे पहा, तिथे एकच टर्मिनल आहे, धावाधाव कमी. मुंबईच घ्यावी लागली तर दोन्ही विमानं एकाच टर्मिनलची आहेत का ते तिकिटावर वाचा, आणि आता नवी मुंबईचंही विमानतळ सुरू झालंय, एक टप्पा इकडे एक तिकडे असं एजंटने चिकटवलं नाही ना तेही पहा. मधे अडीच-तीन तास ठेवा. मीटिंग दुपारी ३ ची आहे म्हणता, तर आदल्या दिवशीच पोचा, हॉटेलचे दोन-अडीच हजार जातील तर जाऊ द्या. आणि नुसतं हैदराबादपर्यंतच काम निघालं कधी, तर विमानाच्या फंदातच पडू नका, २०२४ पासून सकाळी नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत आहे, सव्वासात तासांत नेते.

उशीर सहा तासांच्या वर जात असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं तुम्ही निवडायचं, त्यांनी नाही. रात्री ८ ते पहाटे ३ मधलं विमान सहा तासांहून जास्त लेट झालं तर हॉटेलही द्यावं लागतं. काउंटरवर नुसतं भांडू नका, डिले सर्टिफिकेट मागा, मेलवर येतं, अकाउंट्सच्या साहेबांचं तोंड त्यानेच बंद होतं. ऐकलंच नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. आणि हे कोणी सांगत नाही, नो-शो झालं तरी तिकिटातले सरकारी टॅक्स आणि यूडीएफ (विमानतळाचं शुल्क) परत मिळतात, पण मागावे लागतात. मला हे वर्षभराने कळलं.

बॅग शक्यतो ७ किलोची हातातलीच ठेवा. मोठी न्यावीच लागली तर एक शर्ट, चार्जर आणि पार्टीसाठी (ज्यांच्याकडे काम आहे त्यांच्यासाठी) नेलेली संत्रा बर्फी हातातल्या बॅगेत. सांबारवडी नेणार असाल तर नाव सांगताना जपून, मी तिथे सांबारवडी म्हटलं तर पार्टी वाटी घेऊन सांबाराची वाट पाहत बसली, आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हे समजवता समजवता वड्या थंड झाल्या.

एजंटला आजच फोन करून तिकीट बदलून घ्या, पैसे भरले नसतील तर बरंच आहे. भरले असतील तर किती कापतात ते इथेच लिहा, मग पाहू.