डोकं दुखतं म्हणून फिटची गोळी बंद करू का?

फिटच्या गोळ्या सुरू झालेल्या किती घरांतून हा प्रश्न येतो! कळव्याहून आईसोबत आलेल्या एका तरुणीनेही बसल्या बसल्या हेच विचारलं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). नोकरी ऐरोलीत, शिफ्ट रात्री उशिरा संपणारी, लेव्हेटिरासिटॅम ही फिटची गोळी दिवसातून दोनदा. "मॅडम, कपाळ नुसतं ठणकत असतं. यापेक्षा फिट परवडली." आईला वेगळीच धास्ती, "डोक्यात काही वाढत तर नसेल ना हो?" एमआरआय आधीच झाला होता, नॉर्मल होता.

तिची तक्रार खरी होती. लेव्हेटिरासिटॅम, लॅमोट्रिजिन या औषधांनी डोकं दुखू शकतं, विशेषतः सुरुवातीला किंवा डोस वाढवल्यावर. बऱ्याच जणांचं पुढे कमी होतं. हिचं मात्र कित्येक महिन्यांनी, डोस तोच असताना वाढलं होतं. मला ते खटकलं.

गोळी, जेवण, झोप आणि डोकेदुखी यांच्या वेळा वहीत लिहायला सांगितल्या. वही आली तेव्हा दुखणं बहुतेक सकाळी उठतानाचं होतं, आणि आदल्या रात्रीच्या गोळीपुढची जागा कोरी. डोकेदुखीला कंटाळून ती रात्रीची गोळी आईच्या नकळत टाळत होती. एका पानाच्या कडेला बारीक अक्षरात होतं, 'जीभ चावली गेली. उशी ओली.'

झोपेत फिट येऊन गेली तरी माणसाला आठवत नाही. सकाळी अंग ठेचल्यासारखं होतं, डोकं ठणकतं, आणि दोष जातो गोळीला.

वही घेऊन तिला त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी औषध तेच ठेवून वेळा शिफ्टप्रमाणे बसवून दिल्या. सकाळचं दुखणं थांबलं. जेवण चुकलं की संध्याकाळी अजूनही दुखतं.

गोळीनेच त्रास होत असेल, तरी डॉक्टरांकडे मार्ग असतात: डोस, वेळ, नाहीतर दुसरं औषध. टोपिरामेट तर फिटसाठीही देतात आणि मायग्रेन टाळायलाही. पण मनाने एकदम बंद केलं, तर थांबतच नाही अशी फिट येऊन जिवावर बेतू शकतं. मेडिकलमधून वेदनाशामकही विचारल्याशिवाय आणू नका. ट्रॅमाडॉलने फिटचा धोका वाढतो. डोकेदुखीसोबत उलट्या, एकाचे दोन दिसणं, गुंगी, किंवा अंगावर पुरळ आणि ताप असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.