विज्ञानातला ‘वि’

नागपूरच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. धरमपेठेत एका व्याख्यानात त्यांनी वाक्य ऐकलं : ‘शास्त्र आणि विज्ञान ही दोन्ही मिळूनच ईश्वराचं स्वरूप सांगू शकतात.’ लगेच पुढे वक्त्यांनी ईश्वराची फोडही केली, ‘ईश अधिक वर, म्हणजे ईशांमधला श्रेष्ठ.’ वाचक विचारतात, शाळेत आम्ही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांनाच विज्ञान म्हणत आलो. मग शास्त्र आणि विज्ञान ही दोन वेगळी कशी झाली? आणि ईश्वराची ती फोड बरोबर आहे का?

तुमचा कान योग्य जागी अडखळला. मराठीत हे वाक्य उभंच राहत नाही. आपल्याकडे प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला शास्त्रज्ञ म्हणतात आणि संस्कृत शिकवणाऱ्याला शास्त्री. एकाच शब्दाची ही दोन लेकरं गेली शेदीडशे वर्षं एकाच घरात नांदताहेत. हिंदीत शास्त्रज्ञ म्हटलं की शास्त्रं जाणणारा पंडित, प्रयोगशाळेतला तो वैज्ञानिक. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आमच्या गल्लीतच राहते. ‘शास्त्र और विज्ञान’ ही जोडी तिकडून उचलून मराठी वाक्यात बसवली गेली, असा माझा अंदाज आहे. वक्त्यांना धर्मग्रंथ म्हणायचं होतं तर त्यांनी धर्मग्रंथ म्हणावं, उपनिषदं म्हणायची होती तर श्रुती म्हणावं. पाकशास्त्र, शास्त्रीय संगीत, शास्त्रापुरती हळद असा संसार असलेल्या शब्दावर एवढा भार टाकू नये.

शास्त्र हे ‘शास्’ धातूपासून आलं. शिकवणं, आज्ञा करणं. शिष्य, शासन, अनुशासन ही त्याचीच भावंडं. पतंजलीच्या महाभाष्याचे पहिले शब्द ‘अथ शब्दानुशासनम्’ असे आहेत. व्याकरण हेही शासनच. बुद्धाला अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत कोशात, ‘शास्ता’ म्हटलं आहे. आपल्या नागपुरात ‘शासकीय विज्ञान संस्था’ ही पाटी आहे, तिच्यात शास् आणि विज्ञान शेजारी शेजारी बसलेत. एवढं शास्त्राबद्दल पुरे.

मला बोलायचंय विज्ञानाबद्दल. त्यातही त्याच्या पहिल्या अक्षराबद्दल.

दरवर्षी २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, आला की कुणीतरी व्यासपीठावरून सांगतोच : विज्ञान म्हणजे विशेष ज्ञान. फळ्यावर हेच, भित्तिपत्रकावर हेच, मुलांच्या भाषणात हेच. मला हे ऐकवत नाही. ‘वि’चा अर्थ विशेष असं सांगताना ‘विशेष’ या शब्दात तोच ‘वि’ बसलेला आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही का? विशेष म्हणजे वि अधिक शेष, बाकीच्यांपासून वेगळं काढून उरलेलं. म्हणजे तिथेही ‘वि’चं काम वेगळं काढण्याचंच आहे. शब्दाचा अर्थ त्याच शब्दाने सांगितला तर अर्थ सांगितला असं होत नाही.

‘वि’ म्हणजे वेगळं, दूर, दुभंगून. वियोग, विभाग, विच्छेद, विघटन, विरह. आणि विदर्भातल्या माणसाला हे सांगावं लागावं याचं मला वाईट वाटतं, कारण परंपरेने विदर्भाची व्युत्पत्तीच ‘विगत झाले आहेत दर्भ जिथून’ अशी दिली आहे. दर्भ नसलेला देश. ‘विशेष दर्भांचा’ नव्हे. वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या यास्काने निरुक्तात हा हिशेब कधीच मांडून ठेवला : सम् हा एकत्र होण्याचा अर्थ दाखवतो, आणि वि व अप त्याच्या उलट. मोनियर विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘वि’बद्दल लिहिलंय की हा बहुधा मूळच्या ‘द्वि’वरून आला असावा, दोन भागांत असा त्याचा अर्थ. कोशकाराने ‘बहुधा’ म्हटलं आहे. मी ‘बहुधा’ काढून टाकायला तयार आहे. विंशती पाहा. वीस म्हणजे दोन दहा, आणि त्या ‘वि’च्या आधीचा द गळून गेला आहे. तोच द विज्ञानातूनही गळला असं मी मानतो. वि म्हणजे दोन करणं.

विख्यात, विशुद्ध, विजय यांत ‘वि’ जोर देतो, हे मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. ते नंतरचं. आधी वस्तू वेगळी काढली जाते, मग वेगळी दिसते, मग उठून दिसते; ‘विशेष’ हा अर्थ या वाटेने आला. वाटेच्या शेवटच्या टप्प्याला उगम म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता मला या शब्दात सगळ्यात जास्त आनंद देणारी गोष्ट. इंग्रजीतला ‘सायन्स’ लॅटिनमधल्या ‘स्किरे’ या क्रियापदावरून आला, अर्थ ‘जाणणं’. पण या ‘स्किरे’च्या मागे कापणं, वेगळं करणं असा अर्थ असलेला जुना धातू आहे, असं अनेक भाषाभ्यासक मानतात. त्याच धातूच्या कुटुंबात लॅटिनचं ‘स्किन्देरे’ येतं, चिरणं. आणि त्याचं संस्कृतातलं सख्खं भावंड कोण? छिद्. छेद, छिद्र, विच्छेद यांतला छिद्. म्हणजे रोममध्ये आणि इथे, एकमेकांना न विचारता, लोकांनी एकच पाहिलं : नीट जाणायचं तर आधी वेगळं करावं लागतं. धान्य निवडताना आपली आजी सुपात हेच करायची. पाण्याचं पृथक्करण करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढणारा हेच करतो. सायन्सला मराठीत विज्ञान म्हणायचं ज्यांनी ठरवलं, त्यांच्या मनात ही व्युत्पत्ती होती की नाही, मला फिकीर नाही. शब्द अचूक बसला.

या अर्थाला मराठीतला सर्वांत मोठा साक्षीदार ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात उभा आहे. गीतेत श्रीकृष्ण म्हणतात, ‘ज्ञानं तेऽहं सविज्ञानम्’, विज्ञानासह ज्ञान तुला सांगतो. यावर शंकराचार्यांनी विज्ञानाचा अर्थ स्वानुभव असा केला. ज्ञान पुस्तकातलं, विज्ञान अंगात मुरलेलं. ज्ञानदेव ही वाट घेत नाहीत. ते लिहितात :

‘अर्जुना तया नांव ज्ञान । येर प्रपंचु हें विज्ञान । तेथ सत्यबुद्धि तें अज्ञान । हेंही जाण ॥’

‘तया’ म्हणजे आधीच्या ओवीतलं : जिथे जाणणंही शिरत नाही, विचार आल्या पावली परततो, ते ज्ञान. बाकीचा प्रपंच ते विज्ञान. प्रपंच म्हणजे पसारा, विस्तार, पसरून वेगवेगळं झालेलं जग. त्या वेगवेगळ्या जगाची जाण ते विज्ञान. १२९० साली नेवाशाला हे लिहिलं गेलं, आणि आजच्या विज्ञान शाखेला त्यातली व्याख्या जशीच्या तशी लावता येते. काही कीर्तनकार ही ओवी अर्धी म्हणून ‘ज्ञानदेवांनी विज्ञानाला अज्ञान म्हटलं’ असं ठोकून देतात. तसं त्यांनी म्हटलेलं नाही. ‘तेथ सत्यबुद्धि’ हे दोन शब्द गाळू नका. पसाऱ्यालाच शेवटचं सत्य मानणं, ते अज्ञान.

इथे काही मंडळी माझ्यावर तुटून पडतात. भाष्यकार शंकराचार्यांचा अर्थ सोडून ज्ञानेश्वरीसारख्या मराठी टीकेला वर चढवता का? हो, या एका शब्दापुरतं चढवतो. माझ्या बाजूने ज्ञानदेव एकटे नाहीत. अमरकोशाची ओळ आहे : ‘मोक्षे धीर्ज्ञानमन्यत्र विज्ञानं शिल्पशास्त्रयोः’. मोक्षाविषयीची बुद्धी ते ज्ञान. इतरत्र, शिल्प आणि शास्त्र यांतली, ते विज्ञान. लक्ष देऊन वाचा. अमरसिंहाने शास्त्राला विज्ञानाच्या घरात बसवलंय! तेव्हा ‘शास्त्र विरुद्ध विज्ञान’ ही जोडी मराठीत जशी बसत नाही, तशी संस्कृत कोशातही बसत नाही. टिळकांनीही गीतारहस्यात विज्ञानाचा अर्थ लावताना एका नित्य तत्त्वापासून नाना नाशवंत पदार्थ कसे होतात ते समजणं, असाच लावला. एकातून अनेक. पुन्हा ‘वि’.

याला खरा अडथळा उपनिषदांचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. बृहदारण्यकात ‘विज्ञानमानन्दं ब्रह्म’ असं म्हटलं आहे, ब्रह्मालाच विज्ञान. बौद्ध परंपरेत माणूस ज्या पाच स्कंधांचा, म्हणजे घटकसमूहांचा, बनतो त्यांतला शेवटचा स्कंध विज्ञान आहे. दीक्षाभूमीवर येणाऱ्या कितीतरी उपासकांना रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान ही ओळ तोंडपाठ असते. त्यांच्यासाठी विज्ञान म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, जाणीव. दोन्हीकडे विज्ञान म्हणजे जाणण्याची शक्ती आहे, जाणलेल्या गोष्टींचा साठा नाही. आणि त्या पाचांत सम् घेऊन संज्ञा आणि वि घेऊन विज्ञान एकाच रांगेत आहेत. यास्काची जोडी! ही रांग पहिल्यांदा या नजरेने वाचली तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती.

मूळ प्रश्नाकडे यायला हवं. मिळून स्वरूप सांगता येईल का?

‘स्वरूप’ हा शब्द वक्त्यांनी सहज वापरला, पण त्याच्यामागे मोठा वाद आहे. ब्रह्मसूत्रांतलं तिसरं सूत्र एकाच शब्दाचं आहे : ‘शास्त्रयोनित्वात्’. समास कसा सोडवता यावर सगळं अवलंबून. शास्त्राची योनी असा तत्पुरुष केला तर ब्रह्म हे शास्त्राचं उगमस्थान. शास्त्र हीच ज्याची योनी असा बहुव्रीही केला तर ब्रह्म कळण्याचं साधन शास्त्र. शंकराचार्यांनी दोन्ही अर्थ दिले, आणि दुसरा देताना लिहिलं की ब्रह्माचं यथावत् स्वरूप कळायला शास्त्र हेच प्रमाण. इथे शास्त्र म्हणजे ऋग्वेदादी श्रुती. म्हणजे ज्यांचा आधार घेऊन ‘मिळून’ म्हटलं जातं, त्या आचार्यांनी स्वरूपाच्या कामात दुसऱ्या कुणाला बोलावलंच नव्हतं. उलट बाजूही त्यांनीच बांधून घातली. गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात ते म्हणतात, अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. जे डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं, तिथे श्रुतीची सत्ता चालत नाही. पुराणातल्या प्रत्येक ओळीत क्वांटम शोधणाऱ्यांनी हे वाक्य घरात लावून ठेवावं.

आणि विज्ञान? बृहदारण्यकातच याज्ञवल्क्य ऋषी आपल्या पत्नीला, मैत्रेयीला विचारतो : ‘विज्ञातारमरे केन विजानीयात्’. अगं, जो जाणणारा आहे त्याला कशाने जाणायचं? क्रियापद पाहा, वि अधिक ज्ञा. वेगळं काढून जाणायचं तर काढणारा आणि काढलेलं असे दोन लागतात. काढणाऱ्यालाच वेगळं काढायला गेलात की हात पुरत नाही. विज्ञानाची ही मर्यादा त्याच्या नावातच आहे, आणि ते नाव त्याला शत्रूने ठेवलेलं नाही. श्रुती तरी स्वरूप सांगते का? तीही ‘नेति नेति’, हे नव्हे, हे नव्हे, म्हणून थांबते. तेव्हा तुमच्या वक्त्यांचं ‘सांगू शकतात’ हे क्रियापदच मला मान्य नाही.

पण ‘मिळून’ हा शब्द मला टाकवत नाही. ऋग्वेदाचं अगदी शेवटचं सूक्त संज्ञानाचं आहे. ‘सं गच्छध्वं सं वदध्वम्’, एकत्र चला, एकत्र बोला, तुमची मनं एकत्र जाणोत. दहा मंडलं झाल्यावर वेद ‘सम्’वर येऊन थांबतो. तो विज्ञान आणि ग्रंथ यांना एकत्र करत नाही, माणसांना करतो. एकाच माणसात ही दोन कामं राहू शकतात, याला आपल्याच गावचा दाखला आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. मराठी ख्रिस्ती मंडळी बायबलला ‘पवित्र शास्त्र’ म्हणतात. त्या शास्त्राचा हा प्रचारक. तोच माणूस हातोडी घेऊन नागपूरच्या आसपासचे खडक फोडून जीवाश्म गोळा करायचा. हिस्लोपाइट या खनिजाला त्यांचं नाव आहे, आणि कॉलेजलाही. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते गेले. त्यांनी जीवाश्मांतून देवाचं स्वरूप काढून दाखवलं नाही. ते दगड नीट फोडत राहिले आणि प्रार्थना करत राहिले. पवनारला धाम नदीकाठी राहून विनोबांनीही जोडी लावली ती ‘विज्ञान आणि अध्यात्म’ अशी. शास्त्र हा शब्द त्यांनी तिथे घातला नाही. शब्द निवडावा तर असा.

तुमच्या वक्त्यांना भेटलात तर वाक्य एवढं दुरुस्त करून द्या : ‘विज्ञान आणि श्रुती’. बाकी वाद त्यांच्याशी मी घालीन.

राहिला ईश्वर. ईश अधिक वर असता तर शब्द ‘ईशवर’ झाला असता. मधला अ कुठे गेला, याचं उत्तर त्या फोडीत नाही. हा समासच नाही. पाणिनीचं सूत्र आहे, ‘स्थेशभासपिसकसो वरच्’, तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं १७५ वं. स्था, ईश्, भास्, पिस्, कस् या पाच धातूंना ‘वर’ हा प्रत्यय लागतो, आणि तो ती क्रिया करणाऱ्याचा स्वभाव सांगतो. ईश् म्हणजे सत्ता चालवणं. सत्ता चालवणं हाच ज्याचा स्वभाव तो ईश्वर. भास् पासून भास्वर, चमकणं हाच ज्याचा स्वभाव तो. आणि स्था पासून स्थावर. तहसील कार्यालयात ज्या ‘स्थावर मालमत्तेचे’ कागद आपण घेऊन फिरतो, त्यातला स्थावर आणि देव्हाऱ्यातला ईश्वर एकाच सूत्रातून, एकाच प्रत्ययाने निघालेले आहेत.