नवऱ्याचं हृदय जवळ बाळगणारी स्कॉटिश उमराव बाई कोण? तिचा मृत्यू कसा झाला?

ती नैऋत्य स्कॉटलंडमधल्या गॅलोवे प्रांताची डेवोर्गिला. बाप गॅलोवेचा सरदार ॲलन, आई स्कॉटलंडच्या राजघराण्यातली. लग्न जॉन बॅलिओलशी झालं. घर भरलेलं होतं, चार मुलगे आणि मुली. १२६८ मध्ये नवरा गेला. तिनं त्याचं हृदय मसाले भरून हस्तिदंती डबीत ठेवलं, डबीला चांदीचं काम. जेवताना डबी शेजारी ठेवायची, त्याच्या वाटणीचं ताट वाढायची आणि ते गरिबांना द्यायची, असं सांगतात. (दंतकथेचा भाग असेलही, पण मला ती खरी वाटावीशी वाटते.)

१२७३ मध्ये तिनं त्याच्या स्मरणार्थ मठ उभारला. ऑक्सफर्डला नवऱ्यानं सुरू केलेल्या बॅलिओल कॉलेजला १२८२ मध्ये नियमावली दिली.

२८ जानेवारी १२९० रोजी ती वारली. घातपात वगैरे काही नाही, म्हातारपण. त्याच मठात, ती डबी सोबत ठेवून तिला पुरलं. म्हणून मठाचं नाव पडलं ‘स्वीटहार्ट ॲबी’, म्हणजे ‘गोड हृदयाचा मठ’. लाल दगडाचे त्याचे भग्नावशेष स्कॉटलंडमधल्या डमफ्रीस शहराजवळ आजही आहेत.

धाकटा मुलगा जॉन १२९२ मध्ये स्कॉटलंडचा राजा झाला आणि १२९६ मध्ये गादीवरून उतरलाही. ते बघायला आई नव्हती.