थुंकी की बेडका

कोल्हापूर

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

क्षयरोगाच्या निदानावर संशोधन करायचं ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. यंत्रांबद्दल चार पानं लिहिलीस, नमुन्याबद्दल मात्र एक ओळही नाही. म्हणून हे पत्र.

प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या सुरुवातीला शाहूवाडीकडच्या एका बाईची बेडक्याची डबी तपासायला माझ्याकडे आली. आत नुसती फेसाळ थुंकी. मी स्लाइड केली, फुक्सिन हा तांबडा रंग ओतून खालून गरम केली, आम्लानं धुतली, वर निळा रंग दिला. सगळं रीतसर. तांबडी काडी, म्हणजे क्षयाचा जंतू, एकही दिसली नाही. ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळा झालो. तीन महिन्यांनी तिला दोघांनी धरून आणलं. या वेळी बेडका जाड, पिवळा होता आणि जिथं नजर टाकावी तिथं काड्या. त्या पहिल्या डबीत छातीतला बेडका नव्हताच, ती मी परत पाठवायला हवी होती. अजून टोचतं मला ते.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचे तर मिलिलिटरमागे पाच-दहा हजार तरी लागतात. सीबीनॅटला, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रावरच्या चाचणीला, शंभर-दीडशे पुरतात. दोन तासांत निकाल येतो, रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला जंतू दाद देईल का तेही कळतं. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं क्षयाचा जंतू जाहीर केला 1882 साली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं या चाचणीला मान्यता दिली 2010 मध्ये. मोठीच मजल आहे ती. पण डबीत लाळच असेल तर यंत्राचंही बळ तोकडं पडतं.

आणि लहान मुलं? ती बेडका थुंकत नाहीत, गिळतात. मग पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढायचं. पोर किंचाळतं, आई तोंड फिरवून उभी. गिळलेले जंतू शौचातून बाहेर पडणारच, एवढं ओळखून कुणीतरी मुलांच्या शौचावर सीबीनॅट करून पाहिली. आज ती मान्य चाचणी आहे, पुष्कळ पोरांची नळी चुकते. जिभेवरून फिरवलेल्या बोळ्यावरही काम चालू आहे. तू असलं काही करावंस अशी माझी फार इच्छा आहे.

सुट्टीत इकडे ये. परवानगीचं मी बघतो. महिनाभर नमुने घेतात तिथं बस. ‘चूळ भरा, खोल श्वास घ्या, छातीतून खोकून काढा’ हे प्रत्येकाला स्वतः सांग. डबी उजेडात धरून बघ आणि लिहून ठेव: थुंकी की बेडका, गाव कुठलं, खोकला किती आठवड्यांचा, इथवर पोचायला इतके दिवस का लागले. वही जाड आण. आणि मास्क एन-95च, दुसरा चालणार नाही.

तुझा,
काका