दोन महिन्यांच्या पिल्लांत कोंबडा कोणता, तलंग कोणती?

मखमलाबादला (नाशिकजवळ) परसात पाळलेल्या तुमच्या आठ गावरान पिल्लांत कोंबडे कोणते, हे तुम्ही विचारलंत. त्यांचं वय दोन महिने आहे, म्हणजे अंदाज बांधता येईल, पण खात्री अजून नाही. आधी तुरा बघा. सहा ते आठ आठवड्यांत ज्याचा तुरा मोठा आणि लालभडक झाला, तो बहुधा कोंबडा. तलंगेचा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबडीचा, तुरा तोवर बारका आणि फिकट असतो. काळ्या कडकनाथ जातीचं पिल्लू असेल तर मात्र हे विसरा, त्याचा तुराच काळपट.

खरी खूण पिसांची. बारा आठवड्यांच्या आसपास पिल्लू हातात धरून शेपटीच्या अलीकडे, पाठीवर बघा. तिथं लांब, टोकदार, चकाकणारी पिसं फुटत असतील तर कोंबडाच. कोंबडीची तिथली पिसं गोलसर टोकाची. मानेवरही तोच फरक, फक्त तो नवख्याच्या नजरेत पटकन भरत नाही.

भांडखोरपणावर जाऊ नका. आमच्या खुराड्यातला सगळ्यात दांडगट ‘कोंबडा’ पुढे अंडी घालायला लागला! पायाच्या आरीची (पायामागे फुटणाऱ्या टोकदार काट्याची) वाट बघाल तर फार उशीर होईल, आणि ती कधीकधी कोंबडीलाही येते. आरवायला लागला की शेजारीच येऊन सांगतील.