घटस्फोट झालाय, मुलाला यूकेला न्यायचंय. वडिलांची एनओसी पुरेल का?

नाही, नुसती एनओसी पुरत नाही. तुम्ही लिहिलंय की तुम्ही तिकडे नर्स आहात, हेल्थ अँड केअर व्हिसावर, मुलगा 9 वर्षांचा, ऐरोलीला तुमच्या आईकडे. अशा मुलाला डिपेंडंट, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेला, म्हणून न्यायचं तर आई-वडील दोघंही तिथे हवेत, किंवा त्याच्यासोबत जाणारे हवेत. आई एकटीच मुलाला नेणार असेल तर त्याची जबाबदारी तिची एकटीची आहे हे तिला दाखवावं लागतं. 'सोल रिस्पॉन्सिबिलिटी' म्हणतात ती हीच. वडिलांची संमती हा वेगळा कागद आहे. तो जोडायचाच, पण त्यातून एवढंच कळतं की त्यांची हरकत नाही. जबाबदारी कुणाची, हे त्यातून कळत नाही.

एनओसीचं तुम्हाला कुणीही सांगेल. मला बोलायचंय ते तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल: 'आई म्हणते, नातवाला मीच वाढवलंय असं मी लिहून देते, म्हणजे काम होईल.' कृपा करून त्यांना तसं लिहून देऊ देऊ नका.

माझी ताई नर्स आहे. घटस्फोटानंतर ती बर्मिंगहॅमला गेली आणि भाची कळव्याला माझ्याकडे राहिली. शाळेची रिक्षा, डबा, पीटीच्या दिवशीचे पांढरे बूट, रात्रीचा ताप, सगळं मी बघितलं आणि त्याचा मला अभिमान आहे. तिला न्यायची वेळ आली तेव्हा दादाने वाशीतला एक एजंट गाठला. त्याने माझ्या नावाचं ॲफिडेव्हिट तयार करून पाठवलं. 'सदर मुलीच्या पालनपोषणाची, शिक्षणाची व संगोपनाची संपूर्ण जबाबदारी मी स्वतः पार पाडीत असून' अशी सुरुवात, आणि पुढे दीड पान तेच. नोटरीशी बोलणंही झालं होतं, फक्त माझी सही बाकी होती.

मी सही केली नाही. व्हिसा अधिकारी नेमकं हेच बघतो की आईखेरीज आणखी कुणाकडे जबाबदारी आहे का. मावशीच शपथेवर सांगतेय की संपूर्ण जबाबदारी माझी, मग आईकडे उरलं काय? आपल्याच हाताने दिलेल्या कागदावर अर्ज नामंजूर झाला असता.

दादा भडकला. "खोटं काय आहे त्यात? सगळं तूच करतेस. ताईने पैसे पाठवले, बाकी काय केलं?" हे आमच्या घरात नवीन नव्हतं. काकू तर लग्नकार्यात चारचौघांत बोलायची की पोर बहिणीच्या गळ्यात टाकून गेली.

ताईने काय केलं ते मला माहीत आहे. भाचीच्या ॲडिनॉइडच्या ऑपरेशनचं ठरत होतं तेव्हा पाचपाखाडीच्या डॉक्टरांसमोर मी फोन धरून बसले होते. पलीकडे ताई, रात्रपाळीतून दहा मिनिटं काढून, सामानाच्या खोलीत कपाटाला टेकून उभी. भूल कोण देणार, रक्त गोठण्याची तपासणी झाली का, आधी औषधांनी भागेल का, सगळं तिने विचारलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "मग करायचं ना?" मी म्हटलं, तिला विचारा. त्याच रात्री तिने संमतीची ईमेल पाठवली. पाचवीला शाळा बदलायची नाही हे तिने ठरवलं, आणि माझं मत उलट होतं. शाळेच्या डायरीत पालक म्हणून तिचं नाव, फी तिच्या खात्यातून, वर्गशिक्षिकांशी पत्रव्यवहार तिचा.

तिथल्या न्यायाधिकरणाचा 2006 चा एक निकाल आहे, टीडी (येमेन) नावाने ओळखला जातो. आई किंवा वडील परदेशात असले की मुलाचं रोजचं बघणं नातेवाइकांकडे असणार हे त्यात मान्य केलंय. प्रश्न एवढाच की मुलाच्या वाढीवर सतत लक्ष आणि नियंत्रण कुणाचं, आणि त्याच्या आयुष्यातले महत्त्वाचे निर्णय कोण घेतं. मी तो मजकूर मराठीत करून दादाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "तुमचे कायदे तुमच्यापाशी." दादा, हे वाचत असशील तर सांगते, मला ते कोर्टाकडून कळायची गरज नव्हती. डबा मी भरत होते म्हणून मी तिची आई झाले नाही, आणि विमानात बसली म्हणून ताईचं आईपण सुटलं नाही.

माझं पत्र मी स्वतः लिहिलं. भाची माझ्याकडे राहते, रोजचं मी बघते. शाळा, औषधपाणी, पासपोर्ट, सुट्टीत कुठे जायचं हे ताई ठरवते आणि मी तिला विचारून करते. सोबत ती ऑपरेशनची ईमेल, फीच्या पावत्या आणि कस्टडीची कोर्ट ऑर्डर. व्हिसा मिळाला.

आता तुमच्या मुलाच्या वडिलांचं. त्यांनी चांगुलपणाने जरी लिहिलं की 'आम्ही दोघं मिळून मुलाचे निर्णय घेतो', तरी ते तुमच्या विरोधात जाईल. आणि ते खरंच दर रविवारी मुलाला भेटत असतील, शाळेच्या ओपन डेला जात असतील, तर जबाबदारी तुमची एकटीची आहे हे दाखवणं फार अवघड आहे, असं स्पष्ट सांगते. मग खोटं लिहून घेऊ नका; फसवणूक ठरली तर 10 वर्षांची बंदी येऊ शकते. गंभीर आणि सबळ कारणांसाठी वेगळी तरतूद आहे, तिच्यासाठी तिथला सॉलिसिटर, म्हणजे वकील, गाठा, इथला एजंट नको.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हे सगळं नर्ससाठी. 11 मार्च 2024 पासून नव्याने केअर वर्कर (वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणारे) म्हणून गेलेल्यांना मुलं सहसा नेता येत नाहीत. तुमच्या व्हिसावर मुलाचा हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचं शुल्क, माफ आहे, कुणी मागितला तर देऊ नका. व्हिसासाठी लागणाऱ्या टीबीच्या तपासणीत 11 वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, पण डॉक्टरांना दाखवून सर्टिफिकेट घ्यावंच लागतं. या वयात पासपोर्ट 5 वर्षांचाच मिळतो, मुदत आजच बघा. नूतनीकरणाच्या अर्जासोबत पालकांचं घोषणापत्र लागतं: वडिलांची सही मिळत असेल तर ॲनेक्शर डी, नसेल तर ॲनेक्शर सी आणि कस्टडीची ऑर्डर.

आईंकडून पत्र मात्र घ्या. मसुदा तुम्ही करा आणि सहीआधी त्यांना वाचून दाखवा. 'निर्णय मुलीचे' हे ऐकून त्यांना लागेल. माझ्याही आईला लागलं होतं. म्हणून पहिल्या परिच्छेदात त्यांनी नातवासाठी काय काय केलं ते सगळं लिहा, काही गाळू नका. नियमाला त्याची काही अडचण नाही. पत्र मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.