आमच्या ११ वर्षांच्या पॉमेरेनियनच्या हृदयाची झडप गळतेय म्हणतात. मग खोकला आणि धाप कशामुळे?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमची कुत्री चिंगी डोळ्यांपुढे आली.

आम्ही रावेरकडचे, केळीवाले. विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. इथेही तसंच, फक्त दर ठोक्याला. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप म्हातारपणी जाड होते, नीट मिटत नाही. थोडं रक्त पुढे जायचं सोडून मागच्या कप्प्यात येतं आणि तो कप्पा फुगत जातो. त्यात फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरा उघडतात. तिथे दाब वाढला की रक्तातलं पाणी फुफ्फुसात झिरपतं. हवेची जागा पाणी घेतं, म्हणून धाप.

खोकल्याचं जरा वेगळं आहे. फुगलेला कप्पा श्वासनळीच्या फाट्यावर दाबतो, शिवाय पॉमेरेनियनची श्वासनळी पुष्कळदा मुळातच ढिली असते. त्यामुळे खोकला आहे म्हणजे पाणी झालंच असं नाही, एक्स-रे काढा. आम्ही दीड महिना कफ सिरपच पाजत बसलो, ते अजून सलतं.

खरी खूण झोपेतल्या श्वासांची. छाती वर गेली, खाली आली, झाला एक. चिंगी शहाबादी फरशीवर कुशीवर झोपायची. मी मोबाइलवर मिनिट लावून तिच्या बरगडीवरचे केस बघायचो. २२, २४, २३. एका रात्री ३८. पहाटेच दवाखाना गाठला, पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत २६ वर आली. आकडा ३० च्या वर राहू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ४० च्या वर गेला, जीभ निळसर दिसली किंवा कुत्रं पुढचे पाय फाकवून, मान ताणून बसलं, आडवं व्हायलाच तयार नाही, तर क्षणभरही थांबू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात जीभ काढून धापत असताना मोजू नका, पहाटे गारव्यात मोजा.

फ्युरोसेमाइड (पाणी उतरवायचं औषध) चालू झालं की लघवी वाढते, तहानही वाढते. घर खराब होतं म्हणून पाण्याचं भांडं कधीही उचलू नका. अजून धाप नसेल तरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या (आम्ही नाशिकला गेलो होतो). हृदय वाढलेलं असेल तर पिमोबेंडन हे हृदयाचं औषध आधीच सुरू करतात. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात त्याने धाप लागायची वेळ साधारण १५ महिने लांबली.

आणि ताटातला पापड, शेव आजपासून बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं.